हेडटॉर्चसाठी चार्जिंगचे सेल आणि चार्जर: नेमकं काय घ्यावं?

कातळवाट

नमस्कार मंडळी,

नाशिकचा आमचा छोटा ट्रेक ग्रुप आहे. बहुतेकांकडे तीन बारीक सेलवर, म्हणजे ट्रिपल एवर, चालणारे हेडटॉर्च आहेत. रात्रीचा ट्रेक ठरला की अल्कलाइन सेलची पाकिटं आणायची. ट्रेक झाला की त्या सेलमध्ये किती जीव उरलाय ते कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा नवीन आणायची. हे आता बंद करायचं आहे. पैसे जातातच, पण तो कचरा बघवत नाही.

चार्जिंगचे सेल घ्यायचे हे नक्की. पण आहेत त्याच टॉर्चमध्ये चार्जिंगचे ट्रिपल ए घालावेत, की सगळे टॉर्च बदलून १८६५० वर, म्हणजे त्या जाड लिथियम आयन सेलवर, यावं? आणि चार्जर कोणता? शे-दोनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत आहेत आणि वरून सगळे सारखेच दिसतात.

आणखी दोन गोष्टी. डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकंठा करायचा विचार आहे. माथ्याकडे निघायचं ते पहाटे अंधारातच, आणि थंडी शून्याच्या बरीच खाली. दुसरं म्हणजे संगमनेरजवळ आमची शेती आहे. रात्रपाळीची लाईट असली की वडील एकटेच पाणी भरायला जातात. त्यांच्यासाठी भरवशाचं काहीतरी हवंय.

जाणकारांनी सविस्तर लिहा. लांबलचक प्रतिसादांचं स्वागत आहे.

निवांत

वाचतोय. अर्धवट सेलचा डबा आमच्याही घरी आहे.

ओहम

कातळवाट, टॉर्च टाकून देऊ नका. तीन सेलच्या टॉर्चला चार्जिंगचे सेल उत्तम चालतात, फक्त सेल 'लो सेल्फ डिस्चार्ज' प्रकारचे निकेल मेटल हायड्राइड हवेत. पूर्वीचे निकेलचे सेल कपाटात पडल्यापडल्या रिकामे व्हायचे, म्हणून लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला. २००५ साली सान्योने एनेलूप नावाचे असे सेल आणले आणि ते चित्र बदललं. चार्ज करून ठेवलेला सेल वर्षभरानेही बहुतांश भरलेला सापडतो. सान्यो नंतर पॅनासॉनिककडे गेली, त्यामुळे आता ते पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात.

पांढऱ्या एनेलूपची क्षमता डबल एमध्ये, म्हणजे जरा जाड पेन्सिल सेलमध्ये, २००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) आणि ट्रिपल एमध्ये ८००. काळे 'प्रो' डबल ए २५०० चे असतात. पण पांढऱ्यांना कंपनी २१०० वेळा चार्जिंगचा आकडा देते आणि प्रोला ५००. ट्रेकला पांढरेच घ्या. थोडी क्षमता कमी, पण वर्षानुवर्षं टिकतात.

आता नेहमीची शंका: चार्जिंगचा सेल १.२ व्होल्टचा आणि साधा १.५ चा, मग उजेड कमी पडणार ना? अल्कलाइन १.५ ला सुरू होतो आणि पहिल्या मिनिटापासून उतरत जातो. निम्मं आयुष्य संपेपर्यंत तोही १.२ च्या आसपास आलेला असतो. निकेलचा सेल मात्र जवळजवळ शेवटपर्यंत १.२ ला तग धरतो. त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत अल्कलाइन जास्त लखलखीत वाटेल, पण तीन तासांनी उतारावर पाय ठेवताना उजेड कोणाचा बरा असतो ते तुम्हीच बघा. शिवाय अल्कलाइनकडून जास्त करंट ओढला की त्याचा दाब (व्होल्टेज) आणखी कोसळतो. निकेलच्या सेलचा अंतर्गत रोध कमी असल्यामुळे तो हा भार सहज पेलतो.

डबल एवर ३५०० किंवा ट्रिपल एवर १५०० छापलेलं दिसलं तर हात मागे घ्या. निकेलच्या सेलमध्ये त्या आकारात एवढं मावतच नाही.

चार्जरचं नंतर लिहितो, तो मोठा विषय आहे.

पाऊलखुणा

एवढी उस्तवार कशाला? यूएसबीवर चार्ज होणारा हेडटॉर्च घ्या, सोबत पॉवरबँक ठेवा, विषय संपला. फोनला पॉवरबँक न्यावी लागतेच.

सह्यवेडी

पाऊलखुणा, एका रात्रीच्या ट्रेकला हे ठीक आहे. पण आत कायमचा बसवलेला सेल संपला की टॉर्च पॉवरबँकेला जोडून बसून राहायचं का? हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर मध्येच उजेड गेला तर तिथे थांबून चार्ज करता येत नाही. सेल बदलता येत असेल तर मिनिटभरात पुन्हा चालायला लागता येतं. आणि आतला सेल दोन-चार वर्षांत थकला की चांगला टॉर्च कचऱ्यात जातो.

माझं मत: सेल सुटा निघणारा हवा, आणि टॉर्चला यूएसबी पोर्टही असेल तर सोन्याहून पिवळं. असे १८६५० चे हेडटॉर्च आता बरेच मिळतात. फेनिक्स, सोफिर्न, स्किलहंट, आर्मीटेक सगळ्यांचे आहेत. पेट्झलने वेगळी वाट काढली आहे. त्यांच्या काही मॉडेलमध्ये कंपनीची १२५० एमएएचची 'कोअर' बॅटरीही बसते आणि तिच्या जागी तीन ट्रिपल एही बसतात. गावातल्या दुकानात ट्रिपल ए कुठेही मिळतात, त्यामुळे लांबच्या ट्रेकला ही सोय मोठी आहे.

१८६५० कडे का यावं त्याचा हिशेब मांडते. ट्रिपल ए: १.२ व्होल्ट गुणिले ०.८ अँपिअर-तास गुणिले ३, म्हणजे जेमतेम २.९ वॉट-तास. एक चांगला ३५०० एमएएचचा १८६५०: ३.६ गुणिले ३.५, म्हणजे १२.६ वॉट-तास. चौपटीहून जास्त. वजनात तीन ट्रिपल ए मिळून ३७-३८ ग्रॅम आणि १८६५० साधारण ४८ ग्रॅम. दहा ग्रॅमला चौपट ऊर्जा!

दोन रात्रींचा ट्रेक असेल, म्हणजे अलंग-मदन-कुलंग वगैरे, तर एक सेल टॉर्चमध्ये आणि एक डबीत. पुरून उरतो.

ओहम

हिशेब बरोबर आहे, पण ग्रुपचा विचार करा. दहा माणसांपैकी सात जण वर्षातून तीन-चारदा येणारे. त्यांच्या हातात सुटे लिथियम आयन सेल द्यावेत का? तो सेल खिशात किल्ल्यांबरोबर टाकला तरी शॉर्ट होऊ शकतो. निकेलचा सेलही शॉर्ट झाला की तापतो, चटका देतो. लिथियम आयन पेट घेऊ शकतो. फरक मोठा आहे. ग्रुपला निकेल, नेतृत्व करणाऱ्या दोघा-तिघांना १८६५०, असं मी म्हणेन.

सह्यवेडी

याला सहमत. सुटा १८६५० प्लास्टिकच्या डबीतच हवा. त्या डब्या शंभर रुपयांच्या आत मिळतात आणि त्यावर तडजोड नको.

ऊसकरी

राम राम. मी जुन्नर तालुक्यातला. कातळवाटदादा, वडिलांच्या टॉर्चबद्दल वाचलं म्हणून लिहितोय.

आमच्याकडे थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दारं धरायला, म्हणजे पिकात पाणी फिरवायला, जायचं म्हणजे एका हातात खोरं, पाय चिखलात, आणि दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस. हातातली बॅटरी बगलेत धरून किंवा तोंडात धरून काम करणारी माणसं मी रोज बघतो. त्यामुळे पहिलं म्हणजे हेडटॉर्चच घ्या. बांधावर घोणस वेटोळं घालून बसलेली असते, ती मातीच्या रंगात दिसत नाही. पायापुढचा चार-पाच हात भाग सपाट, सारखा उजळला पाहिजे. एकच प्रखर ठिपका पडणारा टॉर्च त्या कामाचा नाही.

दुसरं, बिबट्या. त्यासाठी लांब फेकणारी हातातली बॅटरी वेगळी लागते. विहिरीकडे निघायच्या आधी वाटेच्या दोन्ही बाजूंनी झोत फिरवायचा, मग पाऊल टाकायचं. डोळे चमकतात, लगेच कळतं. म्हणजे वडिलांना दोन हवेत, डोक्याला एक आणि हाताला एक.

गावात मिळणाऱ्या मोठ्या चार्जिंगच्या बॅटऱ्यांमध्ये शिशाची बॅटरी असते, ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या जातीची. स्वस्त असते, पण ती रिकामी ठेवली की मरते. लोक पाण्याची पाळी संपली की बॅटरी खुंटीला लावतात, महिनाभराने काढतात, तोवर ती गेलेली. तशी घेतलीच तर वापरून आल्या आल्या चार्जिंगला लावायची आणि पाळी नसली तरी महिन्यातून एकदा चार्ज करायची. वडिलांकडून हे होईल का ते तुम्हीच ठरवा.

खडूफळा

ऊसकरी यांनी शिशाच्या बॅटरीचं अगदी बरोबर लिहिलंय. कारणही सांगतो. रिकाम्या अवस्थेत तिच्या पत्र्यांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि ते नंतर चार्जिंगने विरघळत नाहीत. लिथियम आयनचं वेगळं. त्याला अर्धवट भरलेलं राहणं आवडतं. महिनोन् महिने ठेवायचा असेल तर ३.७ ते ३.८ व्होल्टला ठेवावा, ४.२ पर्यंत पूर्ण भरून नाही. आणि उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नाही. निकेलचे एनेलूप जातीचे सेल भरून ठेवले तरी चालतात.

बाणकोटकर

आता चार्जरचं लिहा हो ओहम. वाट बघतोय.

ओहम

लिहितो. माझं ठाम मत आहे की बरेचसे चार्जिंगचे सेल वापराने कमी आणि वाईट चार्जरमुळे जास्त मरतात.

निकेलचा सेल भरत आला की त्याचा दाब वाढत वाढत जातो, आणि पूर्ण भरल्यावर काही मिलिव्होल्टनी किंचित खाली येतो. त्याच वेळी सेल तापायला लागतो. चांगला चार्जर ही घसरण टिपतो आणि थांबतो. स्वस्त चार्जरला यातलं काही कळत नाही. तो एकतर घड्याळ लावून ठरावीक तास करंट ढकलतो, किंवा तुम्ही काढेपर्यंत ढकलतच राहतो. अर्धा भरलेला सेल त्यात लावला तरी पूर्ण वेळ शिजतो.

दुसरी गोष्ट तीन सेलच्या हेडटॉर्चसाठी फार महत्त्वाची आहे. स्वस्त चार्जर दोन-दोन सेलच्या जोडीने चार्ज करतात. एका जोडीला एकच दिवा. तुमच्या टॉर्चमधून निघतात तीन सेल. दोघांची जोडी लागली, तिसऱ्याचं काय? त्याच्या जोडीला रिमोटमधला नाहीतर घड्याळातला चार्जिंगचा सेल काढून लावतात. एक रिकामा आणि एक जवळजवळ भरलेला. चार्जर दोघांना सारखंच देतो. मग एक उपाशी राहतो आणि दुसरा जास्त चार्ज होऊन खराब होतो. तीन सेलचा टॉर्च आणि जोडीवाला चार्जर यांचा मेळ कधीच बसत नाही. प्रत्येक खणाला स्वतंत्र दिवा किंवा स्वतंत्र आकडा दिसला पाहिजे, तरच घ्या. पॅनासॉनिकचा बीक्यू-सीसी१७ असा स्वतंत्र खणांचा आहे, अगदी साधा, संथ, बिनघोर.

करंट फार कमी असला तर ती मिलिव्होल्टची घसरण इतकी पुसट होते की चार्जरला दिसत नाही. फार जास्त असला तर सेल तापतो. डबल एला ५०० ते १००० मिलिअँपिअर आणि ट्रिपल एला ३०० ते ५०० हा पट्टा मला योग्य वाटतो. पंधरा मिनिटांत किंवा अर्ध्या तासात भरून देणारे चार्जर टाळा.

सह्यवेडी

आणि निकेल व लिथियम आयन दोन्ही हवे असतील तर दोन्ही ओळखणारा चार खणांचा चार्जर घ्यावा. एक्सटारचा व्हीसी४एसएल, लिटोकालाचा लिआय-५०० हे दोन्ही प्रकार घेतात, प्रत्येक खण वेगळा, आणि सेलची खरी क्षमता मोजूनही दाखवतात. क्षमता मोजणं ही चैन वाटेल, पण ग्रुपसाठी फार उपयोगी आहे. वर्षातून एकदा सगळे सेल मोजायचे. ८०० मधले ७५० देणारे एका संचात, ६०० देणारे दुसऱ्या. एकाच टॉर्चमध्ये दमदार आणि थकलेले सेल मिसळले तर थकलेला आधी संपतो, आणि उरलेले दोघे त्याच्यातून उलट्या दिशेने करंट ढकलतात. सेलचे ध्रुव उलटतात आणि तो कायमचा जातो.

आमच्याकडे सेलवर मार्करने अ१, अ२, अ३, ब१, ब२, ब३ असं लिहिलेलं असतं. संच कधी फुटत नाही.

निवांत

मार्करची युक्ती झकास. आजच करतो.

रानमेवा

थोडं अवांतर. सगळे उजेड वाढवायच्या मागे आहेत, पण टॉर्च घेताना लाल दिवा आहे का तेही बघा. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडी या भागात काजवे बघायला गर्दी होते आणि लोक पांढरे झोत झाडांवर मारतात. काजव्यांचं चमकणं हे नर-मादीचं बोलणं असतं, त्यात पांढऱ्या उजेडाने व्यत्यय येतो. लाल दिवा, तोही मंद आणि जमिनीकडे. खरं तर पोचल्यावर बंदच करावा.

बाणकोटकर

+१. तंबूत शेजारच्याच्या डोळ्यांवर झोत मारणाऱ्यांनाही लाल दिवा सक्तीचा करा.

पाऊलखुणा

काजव्यांवर स्वतंत्र धागा काढा रानमेवा, लिहिण्यासारखं बरंच आहे.

मूळ विषयावर: आता यूएसबी-सी पोर्ट असलेले १.५ व्होल्टचे चार्जिंगचे डबल ए मिळतात. वेगळा चार्जरच नको. ते कसे?

ओहम

त्यात आत लिथियम आयनचा छोटा सेल असतो आणि दाब १.५ वर आणणारं सर्किट. घड्याळं, खेळणी, १.२ वर नखरे करणारी उपकरणं यांना चांगले. हेडटॉर्चला मला दोन कारणांनी नको वाटतात. एक, ते शेवटपर्यंत १.५ देतात आणि मग एकदम बंद. टॉर्च आधी मंद होऊन जो इशारा देतो तो मिळत नाही. दोन, त्या सर्किटमुळे रेडिओवर खरखर येऊ शकते. रात्रीच्या मोहिमेत वॉकीटॉकी वापरत असाल तर आधी तपासून बघा.

आणि सावधान, १४५०० नावाचा सेल दिसायला अगदी डबल एसारखा असतो, पण तो ३.७ व्होल्टचा. टॉर्चवर १४५०० चालतो असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर डबल एच्या जागी घालू नका. सर्किट जळेल.

तपकीरवाट

१८६५० विकत घेण्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. पुण्यात तपकीर गल्ली असो की मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडे अस्सल सेल मिळतात आणि त्याच गल्लीत नकलीही. ऑनलाइन तर ९९०० एमएएच छापलेले १८६५० सर्रास दिसतात. टॉर्चसाठी मिळणारे बहुतेक अस्सल सेल ३५००-३६०० पर्यंतचे, आणि मजल फार तर ४००० च्या आसपास. सॅमसंगचा ३५ई, एलजीचा एमजे१ हे ३५०० चे. सॅमसंगचा ३०क्यू ३००० चा, पण जास्त करंट देणारा. टॉर्च फार प्रखर असेल तर क्षमतेपेक्षा करंट बघावा लागतो.

दुकानात जाताना छोटा वजनकाटा न्या. अस्सल सेल ४५ ते ४९ ग्रॅम भरतो. नकली बरेचदा ३५ च्याही खाली. एका नकली सेलचं वेष्टन सोलून पाहिलं होतं, मोठ्या नळकांड्यात लहान सेल आणि उरलेल्या जागेत पांढरी भुकटी. पोकळ खोक्यावर तेवढी ऐट!

जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेलही नवीन वेष्टनात विकतात. नवीन सेलचं धन टोक न्याहाळा. त्यावर स्पॉट वेल्डिंगचे बारीक टिपके किंवा घासल्याच्या खुणा असतील तर तो जुना आहे.

कातळवाट

वा! वजनकाट्याचं डोक्यातही आलं नव्हतं. एक विचारतो, काही १८६५० चपट्या टोकाचे, काही बटणासारख्या टोकाचे, काहींवर 'प्रोटेक्टेड' लिहिलेलं. कोणते घ्यायचे?

तपकीरवाट

टॉर्चवर अवलंबून. प्रोटेक्टेड सेलच्या बुडाशी छोटं सर्किट असतं. सेल फार रिकामा होऊ लागला किंवा शॉर्ट झाला तर ते तोडतं. त्यामुळे त्याची लांबी ६५ ऐवजी ६९-७० मिलिमीटर होते, आणि काही टॉर्चमध्ये तो बसतच नाही. ग्रुपसाठी शक्य तिथे प्रोटेक्टेड, बटण टोकाचाच घ्या. टॉर्चच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. सर्वांत सोपं म्हणजे सेलसकट मिळणारा टॉर्च घ्यायचा आणि तसाच आणखी एक सेल घ्यायचा.

कॅलगरीकर

केदारकंठ्याच्या थंडीबद्दल लिहितो. कॅनडात उणे वीस-पंचवीसमध्ये हेडटॉर्च लावून स्नोशूइंग करतो, त्यामुळे हा रोजचाच प्रश्न.

अल्कलाइन थंडीत पार गळपटतात. निकेलचे सेल उणे दहा-पंधरापर्यंत बऱ्यापैकी चालतात, क्षमता घटते. लिथियम आयनही चालतो, त्याचीही क्षमता घटते. म्हणून सुटा सेल आतल्या जॅकेटच्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायचा आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायचा. डोक्याच्या मागे बॅटरीची डबी असलेला टॉर्च टोपीच्या आत घेता आला तर उत्तम.

पण सगळ्यांत महत्त्वाचं: गोठलेला लिथियम आयन सेल चार्ज करायचा नाही. शून्याच्या खाली चार्ज केला तर आत धातूरूप लिथियम जमायला लागतं. सेलची क्षमता कायमची जाते आणि पुढे शॉर्टचा धोका राहतो. आतला सेल काढता न येणाऱ्या टॉर्चलाही हेच लागू. तंबूत पॉवरबँकेला जोडण्याआधी टॉर्च आणि पॉवरबँक दोन्ही अंगाशी धरून ऊब येऊ द्या.

माथ्याच्या रात्रीसाठी एकदाच वापरायचे लिथियम सेल हा एक मार्ग आहे. एनर्जायझरचे अल्टिमेट लिथियम उणे ४० पर्यंत चालतात आणि हलके असतात, डबल ए १५ ग्रॅमचा. निकेलचा साधारण २७ ग्रॅम. महाग आहेत, पण आणीबाणीसाठी एक संच ठेवावा. ते चार्जरला कधीही लावायचे नाहीत. आणि नवे असताना त्यांचा दाब १.८ च्या आसपास असतो, त्यामुळे तुमचा टॉर्च ते चालवतो का ते आधी वाचून घ्या.

रानमेवा

नाशिकहून डेहराडूनला विमानाने जाणार असाल तर सुटे लिथियम आयन सेल आणि पॉवरबँक हातातल्या सामानातच. चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. प्रत्येक सेल डबीत, टोकं झाकलेली. १२-१३ वॉट-तास म्हणजे १०० वॉट-तासांच्या मर्यादेच्या खूप आत, तिथे अडचण नाही.

निवांत

जुन्या टॉर्चमध्ये अल्कलाइन फुटून स्प्रिंगवर पांढरट-हिरवट बुरशीसारखं जमलंय. टॉर्च गेला का?

खडूफळा

नाही, बहुधा वाचेल. तो अल्कली आहे, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा अवशेष. हातमोजे घाला, सेल काढा, कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून टिपा. फसफसेल. मग पाण्यात पिळलेल्या बोळ्याने पुसा, शेवटी पूर्ण कोरडं करा. स्प्रिंगचा मुलामा गेला असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. महिनाभर टॉर्च लागणार नसेल तर अल्कलाइन सेल आत ठेवूच नयेत.

ऊसकरी

दादा, वडिलांसाठी सेल सुटा काढून वेगळ्या चार्जरला लावायचा टॉर्च नको असं मला वाटतं. अंधारात सेल उलटा-सुलटा बसतो. ज्याला मोबाईलच्याच वायरने चार्ज करता येतं असा १८६५० किंवा २१७०० चा घ्या. आत सेल सुटा असला म्हणजे दोन वर्षांनी तुम्ही बदलून द्याल. वायर घरात एकच, मोबाईलची आणि टॉर्चची. म्हणजे जेवायला बसताना मोबाईलबरोबर टॉर्चही आपोआप लागतो.

सह्यवेडी

ऊसकरीदादा, हे फार मोलाचं. वडिलांसाठी २१७०० बघा कातळवाट. थोडा जाड, पण साधारण ५००० एमएएच. डोक्याला जड वाटला तर १८६५०.

कातळवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवतोय:

ग्रुपच्या टॉर्चना ट्रिपल ए एनेलूप, प्रत्येक टॉर्चला दोन संच, मार्करने खुणा. सगळ्यांत मिळून एक चार खणांचा, दोन्ही प्रकार घेणारा चार्जर. पुढे आणि मागे चालणाऱ्या दोघांना १८६५० चे हेडटॉर्च, प्रोटेक्टेड सेल, डबीसकट. केदारकंठ्याला तेच दोन, आणि ट्रिपल एचे एकदाच वापरायचे लिथियमचे संच आणीबाणीला, पण टॉर्चची माहितीपत्रकं वाचून. वडिलांना यूएसबी-सीचा हेडटॉर्च आणि लांब झोताची हातातली बॅटरी.

राहिलेला प्रश्न: तो डबाभर जुन्या सेलचा. भंगारवाला घेत नाही.

तपकीरवाट

ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि घरातले छोटे सेलही त्यात येतात. मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत जमा करण्याचे डबे असतात, शहरांत ई-कचरा गोळा करणाऱ्या संस्थाही घेतात. देण्याआधी लिथियमच्या सगळ्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. डब्यात एकमेकांना टेकून शॉर्ट होतात.

ओहम

यादी चांगली आहे. चार खणांच्या चार्जरवर तीन सेलचा एक संच लागतो आणि एक खण रिकामा राहतो. ट्रिपल एचे टॉर्च दहा धरले आणि दोन-दोन संच, म्हणजे साठ सेल. ट्रेकच्या आदल्या रात्री सगळे भरून होणार नाहीत. एकतर आठ खणांचा घ्या, किंवा ट्रेकहून आल्यावर त्याच आठवड्यात भरून ठेवायची सवय लावा. एनेलूप भरलेले राहतात, काळजी नाही.

कातळवाट

आठ खणांचा दोन्ही प्रकार घेणारा कोणी वापरलाय का?

ओहम

दोन्ही प्रकार घेणारे आठ खणांचे आहेत, पण महाग पडतात. निकेलचा आठ खणांचा एक आणि लिथियमचा दोन खणांचा एक, असे वेगळे घेतलेत तर स्वस्तात पडेल. आणि एक बिघडला तरी दुसरा चालू राहील. निकेलवाल्यात आठही खण स्वतंत्र आहेत ना, तेवढं मात्र डब्यावरचं वाचून मगच पैसे द्या.

ऊसकरी

आणि वडिलांच्या टॉर्चला बटण एकच असू द्या. दाबलं की मध्यम उजेड, पुन्हा दाबलं की बंद. लुकलुकणारे प्रकार मध्ये येत असतील तर ते लांब दाबूनच यावेत. चिखलाच्या बोटांनी दाबायचं असतं.